धारवाडचा अर्ज, 1856

जून 1856 मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्या काळात यात नवल काही नव्हतं. नवल पुढे घडलं. मुलाचा अर्ज थेट मुंबई सरकारपर्यंत गेला आणि सरकारला त्यावर लेखी उत्तर द्यावं लागलं. मग त्या उत्तरावर कलकत्त्याने शेरा मारला आणि शेवटी लंडनने निकाल दिला. एका मुलाच्या दाखल्यापायी तीन राजधान्यांची शाई खर्ची पडली, आणि या सगळ्याला बावीस महिने लागले.

सार्वजनिक शाळा कशासाठी असते, हे शिकवायला माझ्याकडे याहून चांगलं प्रकरण नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी ते बरीच वर्षं वापरतो आहे. ध्येयधोरणांची कलमं वाचायला लागलं की वर्गात जांभया सुरू होतात. हे प्रकरण मांडलं की भांडणं होतात, आणि भांडणारे दोन्ही बाजूंना असतात.

मुंबईचं उत्तर

मुंबई सरकारने 21 जुलै 1856 ला ठराव केला. प्रश्न फार अवघड आहे, अशी त्याची सुरुवात. पुढचं वाक्य वाचून आपण सरसावून बसतो, कारण तात्त्विक न्याय महार अर्जदाराच्या बाजूने आहे यात शंका नाही, असं सरकार स्वतःच म्हणतं. ज्या समजुतींमुळे त्याला धारवाडात शिकता येत नाही त्या लवकरच दूर होतील, अशी आशाही व्यक्त करतं. आणि मग 'परंतु' येतो. एका किंवा थोडक्या व्यक्तींसाठी युगानुयुगांच्या समजुतींत तडकाफडकी हात घातला तर शिक्षणाच्या कार्याचंच मोठं नुकसान होईल. अर्जदाराची अडचण या सरकारने निर्माण केलेली नाही, आणि त्याच्या बाजूने मध्ये पडून ती एका फटक्यात दूर करणं सरकारला शक्य नाही.

सरकारी 'परंतु' ओळखायला आपण सगळे लहानपणापासून शिकलेले असतो. तरी हा ठराव ढोंगी म्हणून बाजूला टाकायची घाई मी करू देत नाही. प्रशिक्षणात निम्म्या लोकांना मुंबई सरकारचे वकील करतो आणि त्यांना नीट भांडायला लावतो. त्यांच्याकडे मुद्दे असतात. इलाख्यात शिक्षण खातं सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांचा शिक्षणविषयक मोठा खलिता 1854 चा, त्यानुसार खातं स्थापन झालं 1855 मध्ये. सरकारी शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नसल्या तरी फार नव्हत्या. महार मुलगा आत आला आणि बाकीची पोरं उठून गेली, तर शाळा कुणाची? त्या एका मुलाची? आणि मास्तराने शिकवायला नकार दिला तर दुसरा मास्तर आणायचा कुठून?

ही भीती काल्पनिक नव्हती. पण ठरावातले दोन शब्द मला खटकतात, ते म्हणजे 'थोडक्या व्यक्तींसाठी'. अर्ज करणारा एक होता हे खरं. अर्ज न करणारे किती होते? ज्याच्यासाठी दार कधी उघडलंच नाही तो दार वाजवायला येत नाही, आणि वाजवणारे कमी म्हणून दार बंद ठेवायचं! या हिशेबात सरकारला तोटा कधीच होत नाही.

असा विचार करणारं हे पहिलं सरकार नव्हतं. पेशवाई संपल्यावर मुंबईचा गव्हर्नर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1820 च्या दशकातच लिहून ठेवलं होतं की, मिशनऱ्यांच्या अनुभवाप्रमाणे अगदी खालच्या जातींची मुलं उत्तम विद्यार्थी असतात. मात्र त्यांना खास उत्तेजन देताना जपून राहावं. शिक्षणाने आधी त्यांच्यात मूळ धरलं तर ते पुढे पसरणारच नाही, असा धोका त्याला दिसत होता. म्हणजे पोरं हुशार आहेत हे मान्य, आणि म्हणूनच सावध! पुढे इलाख्याचं शिक्षणमंडळ आलं. त्याच्या अहवालांतही तोच सूर होता. पैसा थोडा आहे, तो वरच्या वर्गांवर खर्च करू, ज्ञान खाली झिरपेल. 1856 मध्ये गव्हर्नरच्या खुर्चीत होता तोही लॉर्ड एल्फिन्स्टनच, माउंटस्टुअर्टचा पुतण्या. घराण्यात चालत आलेली सावधगिरी म्हणावी काय?

हे सारं चालू असताना पुण्यात काय घडत होतं तेही शेजारी ठेवून पाहावं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा काढली होती, आणि 1852 पासून महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा चालवली. त्यांच्याकडे शिकणाऱ्या मुक्ता या सुमारे चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. म्हणजे धारवाडच्या अर्जाच्या आदल्याच वर्षी, आपल्या लोकांना शिकण्यापासून कुणी दूर ठेवलं हे त्या समाजातली एक मुलगी छापील मराठीत विचारत होती. तेव्हा ही मुलं शिकतील का, हा प्रश्न कुणापुढेच उरलेला नव्हता. प्रश्न बसायच्या जागेचा होता.

वर्गणी कुणाची, शाळा कुणाची

या प्रकरणातला सर्वांत भरीव भाग पैशाचा आहे, आणि नेमका तोच पाठ्यपुस्तकांत नसतो.

आज 'सरकारी शाळा' म्हटलं की सरकारच्या तिजोरीतून चालणारी शाळा डोळ्यांपुढे येते. 1850 च्या दशकात मुंबई इलाख्यात रीत वेगळी होती. गावाने खर्चाचा वाटा उचलायचा, मास्तराच्या पगाराची काही रक्कम वर्गणीने उभी करायची, जागेची सोय करायची, पोरांची फी भरायची. मग उरलेला भार सरकार घेणार. कागदोपत्री या शाळांना अंशतः स्वावलंबी म्हणत. कल्पना वाईट नव्हती. लोकांचा हात लागला की लोकांना शाळा आपली वाटते, हे आजही आपण म्हणतोच.

पण वर्गणी कोण देणार? ज्याच्या गाठीला पैसा आहे तो. गावात ते कोण होते हे सांगायला नको. मग शाळा कुणाची हे शाळेच्या हिशेबाच्या वहीतच ठरून जातं. देणाऱ्याला आपण मालक वाटायला लागतो, आणि मालकाला घरात कोण यावं हे ठरवायचा हक्क असतोच. महार मुलाला आत घेऊ नका, असं सांगायला धर्मशास्त्र उघडायची गरज नव्हती. 'आम्ही वर्गणी बंद करू' एवढं पुरे होतं. मुंबईचा ठराव ज्याला शिक्षणाच्या कार्याचं नुकसान म्हणतो, त्यात या पैशाचा खडखडाट मला स्पष्ट ऐकू येतो.

1863 नंतर इलाख्यात जमीन महसुलावर लोकल फंडाची पट्टी बसली, रुपयाला एक आणा. त्यातला एक तृतीयांश शिक्षणासाठी आणि बाकीचा रस्त्यांसारख्या कामांसाठी. वरवर हा हिशेबातला किरकोळ बदल दिसतो. मला तो या सगळ्या इतिहासातला सांधा वाटतो. वर्गणी स्वेच्छेची असते, ती काढून घेता येते आणि तिच्या बदल्यात काही मागता येतं. पट्टी सक्तीची. ती कुणबी भरतो, माळी भरतो, सारा भरणारा प्रत्येक जण भरतो, पोरगं शाळेत असो वा गुरांमागे. त्या दिवसापासून 'शाळा आमच्या पैशावर चालते' हे वाक्य गावातल्या चार घरांचं राहिलं नाही.

हे वाक्य उचलून सरकारच्या तोंडावर मारलं ते जोतीराव फुल्यांनी. विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी 19 ऑक्टोबर 1882 ला निवेदन सादर केलं. सगळा रोख हिशेबावर. महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. मास्तर असे आणा, ज्यांना नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी धरायची लाज वाटत नाही, आणि त्यांना पगार पोटाला पुरेल एवढा, कमीत कमी 12 रुपये द्या. महार-मांगांच्या मुलांना वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत म्हणून वेगळ्या शाळा काढल्या खऱ्या, पण त्याही फक्त मोठ्या शहरांत. पुण्यात या लोकांची वस्ती 5,000 च्या वर, शाळा एक, आणि हजेरी 30 च्या आत. शिक्षणखात्याला हे शोभत नाही, असं त्यांनी ऐकवलं. छाती बडवून सांगितलेल्या गोष्टींपेक्षा हा तीन आकड्यांचा हिशेब जास्त बोचतो.

कलकत्ता म्हणतं, आमच्याकडे असं होत नाही

पण हे पुढचं झालं. धारवाडच्या अर्जाकडे परत येऊ.

प्रकरण हिंदुस्थान सरकारकडे, म्हणजे कलकत्त्याला गेलं. 23 जानेवारी 1857 चं उत्तर एका वाक्यात दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभं आहे. मुंबई सरकार शहाणपणाने वागलं असण्याची बरीच शक्यता आहे. मात्र बंगालमधल्या कुठल्याही सरकारी शाळेत या मुलाला प्रवेश नाकारला गेला नसता.

अशा उत्तराला आपल्याकडे साखरेत घोळलेली चपराक म्हणतात. प्रशिक्षणात या वाक्यावर हमखास टाळ्या पडतात, आणि मग मला रसभंग करावा लागतो. कलकत्त्याचा हिंदू कॉलेज 1817 पासून प्रतिष्ठित हिंदू घरांतल्या मुलांसाठीच होता. 1853 मध्ये तिथे एका गणिकेच्या मुलाला घेतलं, तेव्हा बड्या घरांनी कल्लोळ केला आणि आपली पोरं काढून दुसरं कॉलेज उभारलं. सरकारी संस्कृत कॉलेजात तर ईश्वरचंद्र विद्यासागरांनी 1851 मध्ये कायस्थांना दार उघडेपर्यंत ब्राह्मण आणि वैद्य एवढेच शिकू शकत. 'आमच्याकडे असं होत नाही' म्हणणाऱ्याच्या अंगणात चार-सहा वर्षांपूर्वीचीच राख होती. शेजारच्या जिल्ह्यातली, शेजारच्या शाळेतली जात आपल्याला चटकन दिसते, हा आपला जुना रोग आहे. तो साहेबालाही होता.

लंडनचा निकाल

कंपनीच्या संचालक मंडळाचा खलिता 28 एप्रिल 1858 चा. तारखेकडे लक्ष द्या. उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा अजून पुरता विझलेला नव्हता. आम्हाला बाटवायला निघालेत, या संशयाची त्यात मोठी भर होती. कंपनीचं राज्य चारच महिन्यांत संपायचं होतं. जातीधर्माच्या बाबतीत नमतं घ्यायला याहून सोयीची वेळ नव्हती.

मंडळाने नमतं घेतलं नाही. सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांना खुल्या असाव्यात हाच आमचा हेतू आहे, हे तत्त्व मुळातच योग्य आहे आणि ते सोडता येणार नाही. ते अमलात आणल्याने काही ठिकाणी काही विद्यार्थी निघून जातील, हे अशक्य नाही. ज्यांना हरकत असेल त्यांनी आपली वर्गणी खुशाल काढून घ्यावी आणि त्या पैशातून फक्त आपल्यापुरत्या शाळा काढाव्यात.

मला या निकालातला शेवटचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. समतेची गोड वाक्यं मुंबईच्या ठरावातही होती. तात्त्विक न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, हे मुंबईनेही मान्य केलं होतं. फरक पडला तो वर्गणीच्या धाकाला उत्तर देण्यात. मुंबईने पाहिलं की पोरं जातील, म्हणून अर्जदाराला बाहेर ठेवलं. लंडनने तेच पाहिलं आणि म्हटलं, जातील ते जातील. वेगळं बसायचं असेल त्याने स्वतःच्या खर्चाने बसावं, सरकारच्या छपराखाली नाही. सार्वजनिक शाळेची याहून सोपी व्याख्या मला कुठे सापडलेली नाही. कंपनीच्या संचालकांकडून ती मिळावी हे पचायला जड जातं, पण कागद तसा आहे.

आणि आता यातली मेख. जातीच्या कारणावरून कुठल्याही मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारू नये, असं याच मंडळाने मे 1854 मध्येच लिहिलं होतं. म्हणजे धारवाडच्या शाळेने मुलाला परत पाठवलं तेव्हा नियम दोन वर्षांचा झाला होता! बावीस महिन्यांचा पत्रव्यवहार नवा नियम करण्यासाठी झालाच नाही. असलेला नियम पुन्हा सांगण्यासाठी झाला. 1863 मध्ये तो आणखी एकदा सांगावा लागला. तोच नियम वरून तीनदा बजावावा लागतो, तेव्हा तो खाली कसा पाळला जात असेल ते समजतंच.

आकडेही तेच बोलतात. 1881-82 मध्ये मुंबई इलाख्याच्या प्राथमिक शाळांत खालच्या जातींची मुलं होती 2,862. शेकडा एकसुद्धा नाही, 0.87. हायस्कुलात एकही नाही. लंडनच्या खलित्याला तेव्हा 24 वर्षं होत आली होती.

हंटर आयोगाने तत्त्व पुन्हा उचलून धरलं, आणि लगेच जोडलं की ते सावधपणे लावावं. मास्तरांनी आणि निरीक्षकांनी सामाजिक बदल लादायच्या भरीस पडू नये. पट्टीच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत खालच्या जातीच्या लोकांनी प्रवेश मागितला तर त्यांच्या हक्काचं रक्षण व्हावं, पण तिथेही मास्तरांनी वैर ओढवून घेऊ नये. 'हक्क आहे, पण जरा जपून.' पुढची साठ-सत्तर वर्षं या 'जपून'ने खाल्ली.

पटावर नाव, पडवीत जागा

प्रवेशाचे दोन उंबरठे असतात. पहिला हजेरीपटाचा. तो ठरावाने ओलांडता येतो. दुसरा बसायच्या जागेचा, आणि तिथे ठराव पोचत नाही. 'जपून' म्हणजे प्रत्यक्षात काय, तर नाव पटावर आणि पोरगं पडवीत. वर्ग आत, ते दाराबाहेर. मास्तर पाटी हातात घेणार नाही, लांबून बघणार. पाणी दुसऱ्याने वरून ओतायचं.

7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. पटावर तो बाकीच्यांसारखाच. वर्गात मात्र बसायला घरून आणलेलं गोणपाट, तेही वेगळं एका बाजूला. शाळा झाडणाऱ्या माणसालाही ते गोणपाट शिवायचं नव्हतं, म्हणून रोज संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी उघडली तरच पाणी. शिपाई नाही तर पाणी नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि ते गोणपाट रोज घरी न्यावं लागे हा बारीकसा तपशील मला त्यातला सर्वांत मोठा वाटतो. शाळेची वस्तू सगळ्यांची असते. या मुलाची बसायची वस्तू शाळेत रात्रभर ठेवायचीही सोय नव्हती.

पुढे मुंबईत ते एल्फिन्स्टन हायस्कुलात गेले. हो, त्याच माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाची सरकारी शाळा. तिथला प्रसंग त्यांच्या चरित्रांतून अनेकांना माहीत आहे. मास्तरांनी भूमितीचं प्रमेय सोडवायला त्यांना फळ्याकडे बोलावलं आणि वर्गात एकच गोंधळ उडाला. पोरांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. आंबेडकर फळ्यापाशी पोचायच्या आत पोरांनी धावत जाऊन डबे बाजूला काढले, मग प्रमेय सुटलं.

याच बाबासाहेबांनी 1928 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे शिक्षणाविषयी निवेदन ठेवलं आणि त्यात धारवाडचं प्रकरण, मुंबईच्या ठरावासकट, पुन्हा उजेडात आणलं. आज आपल्याला ते माहीत आहे ते मुख्यतः त्यामुळे. फळ्यामागचे डबे पाहिलेला माणूस सरकारी दप्तरातला बहात्तर वर्षांपूर्वीचा कागद काढून सरकारपुढे ठेवतो, हा हिशेब चुकता करायचा एक तऱ्हेवाईक आणि फार मराठी प्रकार आहे.

दुसरा उंबरठा ओलांडायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागातल्या काही गावांत सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि 1906 मध्ये ते साऱ्या संस्थानाला लागू केलं. अंत्यजांच्या शाळांत शिकवायला सवर्ण हिंदू मास्तर मिळेनात, तेव्हा मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक नेमले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला; मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून त्या मुलांना सगळ्यांच्या शाळांत घ्यायला सांगितलं. संस्थानिकाला वर्गणीदारांची भीती नव्हती, हा त्याचा फायदा. मुंबई सरकारला मात्र 1923 उजाडावं लागलं. अस्पृश्यांच्या मुलांना प्रवेश न देणाऱ्या अनुदानित संस्थांचं अनुदान बंद, असा ठराव तेव्हा झाला. म्हणजे 1858 चं वर्गणीचं अस्त्र आता सरकारने उलटं फिरवलं. 1856 ते 1923 या काळात पैशाची दोरी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, एवढंच पाहिलं तरी हा सगळा इतिहास उलगडतो.

या यादीत मला कर्मवीर भाऊराव पाटलांचं 1924 चं साताऱ्याचं वसतिगृह वेगळं काढावंसं वाटतं. गोणपाटाच्या त्याच साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली ठेवली, त्यांच्याकडूनच स्वयंपाक करवला आणि एका पंगतीत जेवायला बसवलं. लंडनच्या खलित्याने पट उघडला होता. पंगत उघडायला भाकरी थापणारे हात लागले.

प्रशिक्षणातला दुपारचा भाग

प्रकरण मांडून झालं की मी एकच प्रश्न विचारतो. समजा 1858 मध्ये तो मुलगा धारवाडच्या शाळेत आलाच, तर पहिल्या दिवशी त्याला कुठे बसवायचं?

उत्तरं मजेशीर येतात. पुढच्या ओळीत, म्हणजे सगळ्यांना दिसेल. मागच्या ओळीत, म्हणजे त्रास होणार नाही. मास्तरांच्या जवळ. कुणीतरी 'सध्या वेगळं, हळूहळू मिसळवू' म्हणतं, आणि ते आपण हंटर आयोगाच्या तोंडचं बोलतोय हे त्याला माहीत नसतं. शिक्षणहक्क कायद्याने गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवलेल्या, खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांचा विषयही निघतोच, आणि तो निघावा. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना त्या जागांतून सूट दिली होती. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. 'शेजारी सरकारी शाळा आहे ना, मग तिकडे जा' हे ऐकलं की कानाला 1856 ची आठवण होते. तुलना तंतोतंत नाही हे मला कळतं. खासगी शाळा म्हणजे धारवाडची सरकारी शाळा नव्हे. तरी कोण कुणाशेजारी बसणार, हाच प्रश्न दोन्हीकडे आहे.

गेल्या खेपेला मागे बसलेल्या एका गुरुजींनी हात वर केला. निवृत्तीला आलेले, दिवसभर बोलले नव्हते. म्हणाले, "सर, पटाच्या क्रमाने बसवायचं."

म्हटलं, एवढंच?

मग त्यांनी त्यांच्या एका जुन्या शाळेची गोष्ट सांगितली. दोनशिक्षकी शाळा, शाळेत खिचडी सुरू होऊन थोडे दिवस झालेले. पोरं पंगतीला आपली आपण बसायची. गुरुजींच्या आठवड्याभराने लक्षात आलं की पोरं वस्तीप्रमाणे बसतात. गावातली एका रांगेत, पलीकडच्या वस्तीतली दुसऱ्या. कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी भाषण दिलं नाही, पालकसभा बोलावली नाही. दुसऱ्या दिवशी हजेरीपट घेऊन पंगतीत उभे राहिले आणि नावं पुकारून क्रमाने बसवलं. पट जातीने लावलेला नव्हता, वस्तीने लावलेला नव्हता. पहिली बसली, दुसरा बसला, तिसरा बसला.

पुढच्या आठवड्यात चार पोरांचे डबे घरून यायला लागले.

"काय केलंत मग?"

"काय करणार? आणू दिले. म्हटलं, डबा घरचा खा, पण जागा पटाची."

दोन डबे दिवाळीनंतर बंद झाले. खिचडीला त्या दिवसांत मटकी असायची, तिचा वास त्या दोघांना सहन झाला नसावा, असं गुरुजींचं म्हणणं. उरलेले दोन डबे वर्ष संपेपर्यंत येत राहिले.